दोनच टाइम जेवतो, बाई

(अमरावती येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याचा बाज छापताना तसाच ठेवला आहे.)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा माझा परिचय एका दुपारपुरता. मी वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला होते. व्यायामशाळेतल्या पोरांची तपासणी करायला आमची तुकडी आली होती. काम आटोपलं, पोहे आले. गुरुजींनी बशी घेतली आणि शेजारच्या पोराच्या हातात दिली. "माझं व्हायचं आहे अजून," एवढंच म्हणाले. व्हायचं म्हणजे जेवण. तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला. आज पस्तीस वर्षं अकोल्यात दवाखाना चालवल्यावर वाटतं, आयोजकांनी मला दिलेल्या विषयाचं निम्मं उत्तर त्या बशीत होतं. उरलेलं निम्मं मात्र बरंच गुंतागुंतीचं आहे, आणि त्यासाठीच आपण जमलो आहोत.

विषय असा: वजन उतरावं आणि पोट नीट राहावं, तर दिवसातून किती वेळा खावं?

आमच्या दवाखान्यात येणारा वऱ्हाडी माणूस वजनकाट्यावरून उतरता उतरता एक वाक्य हमखास बोलतो. "मी तं दोनच टाइम जेवतो, बाई. मंग वजन काऊन वाढून राह्यलं?" तो खोटं बोलत नाही, हे मला आता कळतं. पूर्वी मी वाद घालायची. आता कागद घेते आणि विचारते, सकाळी उठल्यावर काय? "चाय." चहाबरोबर? "टोस, दोनेक." मग दुकान उघडल्यावर? "पोरगा चाय आणते." अकराला कोणी पाहुणा आला तर पोहे, नाही आला तर शेजाऱ्यानं मागवलेली अर्धी कचोरी. दीडला जेवण. चारला चहा, सहाला चहा. संध्याकाळी बाजारातून येताना आलुबोंडा, तुमच्या अमरावतीत असला तर गिला वडा. रात्री दहाला जेवण. त्यानंतर टीव्हीपुढे चिवड्याचा डबा. कागदावर दहा ओळी झालेल्या असतात. मी त्या वाचून दाखवते. तो शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, "पण बाई, चाय काय खाण्यात धरतेत काय?"

इथे मला आपल्या भाषेचं कौतुक वाटतं. मराठीत जेवण वेगळं आणि खाणं वेगळं. जेवणाला ताट लागतं, पाणी लागतं, बसावं लागतं, कुणीतरी वाढावं लागतं. खाण्याला काहीच लागत नाही. उभ्याने होतं, चालताना होतं, बोलताना तर फारच होतं. म्हणून जेवणाचा हिशेब माणसाच्या डोक्यात राहतो आणि खाण्याचा राहत नाही. स्वयंपाकघरातही तसंच आहे. तव्यावरची पहिली पोळी नीट झाली का म्हणून मोडलेला तुकडा, पोराच्या ताटात उरलेला भात, वरणाची चव. यातलं काहीच जेवण नाही.

आता त्या चहाचाच हिशेब करू, कारण तो करायला सोपा आहे. आपल्याकडे कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. सहा कप झाले तर 60 ग्रॅम, महिन्याला 1800 ग्रॅम. जवळपास दोन किलोची पिशवी एका माणसाने फक्त चहातून संपवली. साधारण 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने दिवसाला 50 ग्रॅमच्या आत वरची साखर ठेवावी आणि जमल्यास 25 च्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. म्हणजे पोळीला हात लावण्याआधीच आपला दिवसाचा कोटा चहाने खाल्ला. आणि हा चहा तरी आपला कधीपासूनचा? कापसाच्या पाठोपाठ वऱ्हाडात रेल्वे आली ती 1860 च्या दशकात. चहा सामान्य माणसापर्यंत पोचायला पुढे अर्धशतक गेलं. 1903 साली इंग्रज सरकारने चहावर कर बसवला आणि त्या पैशातून हिंदुस्थानातही चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनं, बाजार, गिरण्या ही त्या प्रचाराची ठिकाणं. आमच्या अकोल्याला सावतराम मिल होती. गिरणी आली की वेळ भोंग्यावर जाते, आणि दोन भोंग्यांच्या मधल्या वेळात चहा शिरतो. माझ्या आजीच्या तोंडी चहाचा उल्लेख आला की तो पाहुण्यांच्या संदर्भात यायचा, स्वतःच्या नाही.

आजी अकोट तालुक्यातली. तिच्या वेळचा दिवस मी तुम्हाला सांगते, पण जरा सावधपणे, कारण जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याची आपल्याला सवय आहे. पहाटे चुलीवर ज्वारीच्या भाकरी व्हायच्या. वावरात जाणारा रात्रीची शिळी भाकर तिखट-तेलाबरोबर खाऊन निघायचा, दुपारी शिदोरी सोडायची, दिवेलागणीला घरी गरम भाकर, तुरीचं वरण किंवा पिठलं, ठेचा, कांदा, कधी अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. म्हणजे राबणारा माणूस तीनदा खायचा, घरात बसणारा म्हातारा दोनदा. संध्याकाळचं जेवण आठाच्या पुढे जात नसे, कारण रॉकेल महाग होतं. या सगळ्यात आरोग्याचा विचार कुणी केला नव्हता. आपल्या भाषेत "दोन वेळची भ्रांत" हा शब्दप्रयोग आहे, तो उगाच पडलेला नाही. दोन वेळा मिळणं हीच सुखाची मोजणी होती. 1899-1900 चा दुष्काळ या मुलखाने भोगलेला आहे. ज्याला तिसऱ्यांदा मिळतच नव्हतं त्याच्या संयमाला आपण आज आहारशास्त्र म्हणायचं, हे मला पटत नाही.

पण संयमाची खरी परंपराही इथे आहेच. आपल्या जैन घरांत एकासणं आणि बियासणं चालतं: एकदा किंवा दोनदा बसायचं, उठल्यावर पाण्याशिवाय काही नाही. रमजानमध्ये अकोल्या-अचलपुरातला मुसलमान माणूस महिनाभर सहेरी आणि इफ्तार अशी दोनच जेवणं जेवतो. आणि वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत आधीचं पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याला "अध्यशन" असा वेगळा शब्द आहे. ज्या दोषाला वेगळं नाव द्यावं लागतं तो बराच पसरलेला असणार. किती वेळा खायचं यापेक्षा त्यांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. आधीचं जिरलं का, हे विचारा म्हणाले.

आता आपल्या काळाकडे येते. महाराष्ट्रात "किती वेळा" हा प्रश्न घराघरांत नेऊन भांडण लावलं ते दोन मराठी माणसांनी, आणि त्यांतल्या एकाच्या मागे उभा असलेला तिसरा माणूस आपल्या विदर्भाचा.

तो माणूस म्हणजे डॉ. श्रीकांत जिचकार. काटोलकडचे. एमबीबीएस, एमडी, कायदा, आयपीएस, आयएएस, आणि 1980 साली पंचविशीत आमदार. त्यांच्या पदव्यांची यादी वाचायला बसले तर तुमचं रात्रीचं जेवण चुकेल. मंत्री झाले, राज्यसभेत गेले. या सगळ्या धावपळीत ते मधुमेहावर व्याख्यानं देत, आणि त्यांचा मुद्दा सरळ होता: तुम्ही जितक्यांदा तोंडात टाकाल तितक्यांदा इन्सुलिन पाझरेल, म्हणून वेळा कमी करा. 2 जून 2004 रोजी नागपूर-अमरावती रस्त्यावर कोंढाळीजवळ अपघातात ते गेले. वय पन्नासही नव्हतं. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं मात्र फिरत राहिली. त्यातलं एक लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या कानावर पडलं. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला, वजन उतरलं, आणि मग गावोगाव व्याख्यानं सुरू केली. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. या सभागृहात निदान पन्नास माणसं "दीक्षित" करून बसलेली असतील आणि त्यातली पस्तीस सोडून बसलेली असतील. हसता आहात म्हणजे आकडा फार चुकला नाही.

दीक्षितांचा नियम असा: खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्याच वेळी जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच. शिवाय रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. हा शेवटचा भाग लोक विसरतात. 55 मिनिटं कुणी विसरत नाही; भाजीत मीठ कमी पडलं की घड्याळाकडे बघत वाढून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. 2018 साली राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून दीक्षितांची नेमणूक झाली आणि वाद पेटला.

कारण दुसऱ्या बाजूला होत्या ऋजुता दिवेकर. 2009 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, करीना कपूरचं नाव त्याला चिकटलेलं होतं, आणि त्यात सांगणं होतं: दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एका घरात सासरे दीक्षित आणि सूनबाई दिवेकर, अशी घरं मी पाहिली आहेत. दोघंही तपासायला येत. गंमत म्हणजे एका घरात दोघांचंही वजन उतरलं होतं.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. दर दोन तासांनी खाल्लं की शरीराची भट्टी पेटती राहते आणि जास्त जळतं, असा एक समज आहे. अन्न पचवायला शरीराला ताकद लागते, हे खरं. खाल्लेल्याच्या सुमारे दहा टक्के त्यात जातात. पण दहा टक्के हे एकूणाचे. शंभर रुपये एकदम मोडले काय आणि दहा-दहा करून मोडले काय, दलाली दहाच रुपये. 1997 मध्ये ब्रिटिश पोषणविज्ञानाच्या मासिकात या विषयावरच्या प्रयोगांचा आढावा आला, त्यातून हेच निघालं: वेळा वाढवल्याने दिवसभरात जास्त ऊर्जा जळत नाही. 2010 साली कॅनडात सोळा वजनदार माणसांना आठ आठवडे कमी कॅलरीवर ठेवलं, काहींना तीन जेवणं, काहींना तीन जेवणं आणि तीन छोटी खाणी. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं.

मग दोनवाल्यांचा विजय झाला का? त्यांच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा प्रागचा आहे. या शहराला हा विषय जुनाच; 1964 मध्ये तिथल्याच संशोधकांनी "लॅन्सेट"मध्ये लिहिलं होतं की कमी वेळा जेवणाऱ्या प्रौढ पुरुषांत वजन आणि कोलेस्टेरॉल जास्त दिसतं. पन्नास वर्षांनी, 2014 ला, त्याच प्रागमधून नेमका उलटा निकाल आला. टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांनी बारा आठवडे सहा छोटी जेवणं घेतली आणि बारा आठवडे दोन मोठी. कॅलरी तितक्याच. सहावाल्या काळात सरासरी 2.3 किलो उतरले, दोनवाल्या काळात 3.7. हा निकाल आपल्याकडे खूप फिरला. फिरवणाऱ्यांनी एक गोष्ट गाळली: ती दोन जेवणं सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होती. रात्री काही नाही. आपण मात्र दोन म्हटलं की दुपारचा एक आणि रात्रीचे दहा धरतो, आणि प्रागच्या निकालावर हक्क सांगतो.

वेळेच्या चौकटीचंही असंच. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास न्यू इंग्लंडच्या वैद्यक मासिकात आला. 139 जण, वर्षभर. सगळ्यांच्या कॅलरी कमी केलेल्या, निम्म्यांना त्याशिवाय सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खाण्याची अट. अटवाल्यांचं 8 किलो उतरलं, बिनअटवाल्यांचं 6.3. फरक दिसतो, पण संख्याशास्त्र म्हणतं की तो योगायोगानेही पडू शकतो.

म्हणून माझं मत सांगते, ते तुम्ही माझं मत म्हणूनच घ्या. दीक्षितांनी दार लावलं. दिवेकरांनी दाराला वेळापत्रक लावलं. दोन्हींत एकच गोष्ट बंद झाली, ती म्हणजे उभ्याने, न मोजता, दुसऱ्याने पुढे केलं म्हणून खाणं. वजन उतरवलं ते त्याने. इन्सुलिनचं म्हणाल तर ते नळासारखं चालू-बंद होत नाही. उपाशीपोटीही थोडं थोडं पाझरत असतं, आणि जेवल्यावर किती पाझरेल हे काय आणि किती खाल्लं यावर जास्त ठरतं. चार चमचे साखर एकाच जेवणात घेतली म्हणून ती चार चमचे राहत नाही असं होत नाही. पण घड्याळाचा नियम पाळायला सोपा असतो, ताटाचा कठीण. लोकांना सोपं काही देणं हे वैद्यकात लहान काम नाही, आणि ते श्रेय दीक्षितांना दिलंच पाहिजे.

आता पचनाकडे वळते, कारण तिथे मधल्या रिकाम्या वेळेची बाजू मला खरोखर भक्कम वाटते.

घन जेवण पोटातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात. त्यानंतर आतडं झोपत नाही. रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी पोटापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलेले कण, जुने श्लेष्म, जंतू, सगळं पुढे ढकलत नेते. 1969 मध्ये कुत्र्यांवरच्या अभ्यासात ही लाट नीट ओळखली गेली, आणि इंग्रजीत तिला घरातली सफाई करणारी असंच म्हणतात. भुकेच्या वेळी पोटात जो गडगडाट होतो त्यात हिचा वाटा असतो. आपण एक बिस्किट खाल्लं की ती थांबते. आत काम आलं, झाडू ठेव, असा निरोप जातो. दिवसातून दहा वेळा खाणाऱ्याचा हा झाडू दिवसा जवळपास उचललाच जात नाही. मग सगळी मदार रात्रीच्या झोपेवर, आणि रात्री तर आपण दहाला जेवतो.

झाडूवरून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. शेंडगावात जन्मलेले आणि इथून जवळ वलगावला देह ठेवलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. झाडलोट आधी. हातातल्या खापरात जे पडेल ते खाणारा तो माणूस होता. पोटाची आणि गावाची तुलना मी पुढे ताणत नाही, पण विद्यार्थ्यांना ही लाट शिकवताना मला वऱ्हाडात दुसरं उदाहरण सुचत नाही.

रात्रीचं उशिरा जेवण मात्र मला रोज दवाखान्यात भेटतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पहाटे तीनला उठून बसणं. गोळी मागायला येतात. विचारलं तर दहाला ठेचा-भाकर आणि साडेदहाला गादी. आडवं झालं की पोटातलं वर येणारच. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, एवढंच निम्म्या लोकांना पुरतं. पण एक उलटा अनुभवही सांगते: दोनच वेळा जेवायचं म्हणून ताटभर जेवणाऱ्या काहींची जळजळ वाढली. पोट गच्च भरलं की त्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर ताण येतो. अशांना मी दोनाची तीन करायला सांगते आणि त्यांचा दीक्षितभक्त शेजारी माझ्यावर रागावतो.

आता कुणी दोन वेळा जेवू नये, याबद्दल. इथे मी आवाज थोडा चढवणार आहे.

मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने शेजाऱ्याचं ऐकून जेवण गाळू नये. गोळी तीच आणि जेवण बंद म्हणजे साखर कोसळते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मे महिन्यात अकोल्याचं तापमान पंचेचाळिशी ओलांडतं तेव्हा आम्ही पटकन ऊन लागलं असं समजतो आणि रुग्ण बेशुद्ध असतो साखरेने. आधी डॉक्टरांशी बोला, मात्रा बदलून घ्या, मग प्रयोग करा. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, वाढतं पोर यांच्यासाठी हा नियम नाहीच.

आणि आपल्याच जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्यातले कुपोषणाचे बालमृत्यू 1993 पासून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला, डॉ. आशीष सातव उतावलीला, अशी माणसं तिथे आयुष्य घालून राहिली. तिथल्या लहानग्याच्या बाबतीत आपला प्रश्न उलटा होतो. त्याचं पोट मुठीएवढं, त्यात एका वेळी मावतं थोडं, म्हणून वारंवारच भरवावं लागतं. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दिवसातून तीन-चार जेवणं आणि मधे एक-दोन वेळा खाऊ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरकू आई मोहाच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत पहाटे बाहेर पडली आणि अंधार पडताना परतली, तर ही चार-पाच वेळा कोण भरवणार? आहारशास्त्राचं पान तिथे मजुरीच्या पानाला चिकटलेलं आहे. या सभागृहापासून तीन-साडेतीन तासांच्या अंतरात एक घर वेळा कमी कशा करायच्या म्हणून पैसे मोजतं आणि दुसरं घर वेळा वाढवू शकत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली साधारण पाचातली एक स्त्री कमी वजनाची निघाली आणि त्याहून थोड्या जास्त स्त्रिया वाजवीपेक्षा वजनदार. एकच राज्य, एकच साल.

स्त्रियांवरून एक राहिलं. आपल्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही सगळे जाणता. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा. नैवेद्य दुपारी किंवा संध्याकाळी, मग पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्यांची. करणारी बाई रात्री नऊला जेवते, तेही निवलेलं. वर्षातून एकदा झालं तर भक्ती म्हणू. पण कित्येक घरांत हे रोज चालतं. तिचं जेवण सगळ्यांच्या मागून, आणि दिवसभर उरलंसुरलं तोंडात, कारण टाकवत नाही. ती माझ्याकडे आली की म्हणते, "मी तं एकच टाइम जेवतो डॉक्टरीणबाई, तरी अंग काऊन सुटलं?" पुरुषाच्या कागदावरच्या ओळींत बाजार असतो, हिच्या ओळींत दुसऱ्यांची ताटं. पहिल्याला मी गाड्यापासून लांब राहा म्हणू शकते. हिला काय सांगू? घरचे सगळे आठ वाजता एकत्र बसले तर हिचं औषध आपोआप झालं असतं. ती गोळी माझ्या कपाटात नाही.

शेवटी, मी स्वतः काय सांगते, असं प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलते. घरी-दुकानात बसून काम असेल तर दोन किंवा तीन जेवणं, वावरात राबणं असेल तर तीन. रात्रीचं आठाच्या आत, आणि तेच सगळ्यांत लहान. ताटात ज्वारीची भाकर परत आणा. सोयाबीनने वावरातून ज्वारी घालवली, ताटातून तरी घालवू नका. वरण घट्ट घ्या, कारण कमी वेळा जेवणाऱ्याला त्या दोन वेळांतच पुरेशी डाळ पोटात गेली पाहिजे. चहा दोन, साखर अर्धी. शेगावला गेलात तर कचोरी खा. ती खाल्लीत त्या दिवशी ते जेवण धरा, वरून पुन्हा ताट वाढून घेऊ नका. रोडग्यांच्या पंगतीला जा, वांग्याची भाजी आणि तुपाचा गडवा सोडू नका. रोडगे पोटभर खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी भूक लागत नाही. त्याने केवळ घड्याळात आठ वाजले म्हणून बसू नये.

आणि एक काम देते. उद्यापासून तीन दिवस एक वही ठेवा. तोंडात गेलेलं प्रत्येक काही वेळेसह लिहा, चहासुद्धा, चव घेतलेली भाजीसुद्धा. मोबाइलमधलं ॲप नको, वहीच. त्या वहीत दोन पानं समोरासमोर घ्या: एक तुमचं, एक घरात जी स्वयंपाक करते तिचं. तिचं पान तिलाच लिहू द्या. तपासायला याल तेव्हा रिपोर्टच्या आधी ती दोन पानं मला दाखवा.

आयोजकांनी बाहेर आलुबोंडे आणि चहा ठेवला आहे, असं आत्ताच चिठ्ठीवर कळवलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. माझं व्हायचं आहे अजून.